मधल्या रूपात जागा नसलेली खूण

"जे कुणाच्या उपयोगाचं नाही ते काढून टाकायचं, एवढंच माझं काम," असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. गुडघा चोळत तो म्हणाला, "मग मला जपूनच राहायला हवं."

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. काम कंपायलरचं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवायचा. पण ते एका उडीत होत नाही. आधी प्रोग्रामचं एक मधलं रूप तयार होतं, ना धड माणसाचं ना धड यंत्राचं, आणि निरुपयोगी ओळींची छाटणी होते ती तिथं. हे मधलं रूप मावशीनं आखलं होतं. सडपातळ, फुकटची एक ओळ नाही. त्याचा तिला तोरा होता आणि तो लपवणं तिला कधी जमलं नाही.

एक गिऱ्हाईक लिफ्ट बनवायचं. दार मिटण्याआधी त्यांचा प्रोग्राम दारातला सेन्सर लागोपाठ दोनदा वाचायचा. पहिल्या वाचनात सेन्सरमध्ये अडकलेलं जुनं उत्तर बाहेर पडायचं. दुसऱ्यात ताजं मिळायचं. पहिलं पुढं कुठंच वापरलं जात नव्हतं. ते फुकटचं समजून छाटलं जाऊ नये म्हणून लिहिणाऱ्यानं त्या वाचनावर 'हात लावू नका' अशी खूण केली होती. मधल्या रूपात त्या खुणेला जागाच नव्हती. छाटणीनं पहिलं वाचन उडवलं. उरलेल्या वाचनाला जुनंच उत्तर मिळालं, दार मोकळं आहे म्हणून, आणि सफाई करणाऱ्या एका बाईची बोटं दारात चिरडली.

बातमी आली तशी मावशी मनात चरकली. प्रोग्राम मधल्या रूपात आणायचं काम तिच्या हाताखालच्या एका दाढीवाल्याकडं होतं. त्यानं सुरुवातीलाच विचारलं होतं, "मावशी, ही खूण कुठं ठेवू?"

"कुठंच नको. उगाच पसारा वाढतो," असं तीच म्हणाली होती.

त्या संध्याकाळी ताट तसंच राहिलं.

"तुला कुणी काही विचारलंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"उद्या विचारतील."

"मग विचारेपर्यंत तरी जेव."

ती आपल्याच बोटांकडं बघत बसली. त्या बाईचा हात उजवा की डावा, हे ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

सकाळी साहेबांच्या खोलीत टेबलावर फोन ठेवलेला. पलीकडून लिफ्टवाल्यांचा प्रोग्रामर बोलत होता. "खूण मी केली होती हो. इथं सगळे मलाच धरून बसलेत."

साहेबांनी फोनचा आवाज पलीकडं जाणं बंद केलं. "मावशी, प्रोग्राम नीट लिहिलेला नव्हता, एवढंच म्हणा. तुमच्या शब्दाला मान आहे. तो फोनवरचा तरुण आहे, त्याला दुसरीकडं काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण घेणार?"

कोपऱ्यात उभा दाढीवाला जमिनीकडं बघत होता.

मावशीनं हात लांब करून फोनचा आवाज पुन्हा चालू केला. "तुमची खूण बरोबर होती. आमच्या मधल्या रूपात तिला जागा नव्हती. ते रूप मी आखलंय."

"म्हणजे मी नाही ना?" पलीकडून त्यानं विचारलं.

"नाही."

साहेबांनी फोन कापला. "बसा मावशी. ऐकण्यात गफलत झाली असं कळवू त्यांना. तुम्ही फक्त हो म्हणा."

मावशीनं खुर्ची टेबलाखाली सरकवली, पर्स खांद्याला लावली आणि ती बाहेर पडली.