निसर्गसर आणि मी दिलेला प्रश्न

समोर दिसेल ती वस्तू उचलून "हे कशासाठी आहे?" असं विचारल्याशिवाय निसर्गसरांचा तास सुरू होत नसे. खडू, छत्री, एखाद्या मुलीच्या डब्यातला चिकू, काहीही चालायचं. पालघरच्या कॉलेजात आम्ही दोघं तत्त्वज्ञान शिकवायचो. ते नीतिशास्त्र, मी तर्कशास्त्र. हजेरी झाली की माझ्या वर्गातली मागची बाकं रिकामी व्हायची. त्यांच्या वर्गाच्या दाराशी कॉमर्सची मुलंही उभी असायची. भिंतीपलीकडून येणारं ते हसणं मी सात वर्षं ऐकलं.

प्रत्येक गोष्टीला, आणि माणसालाही, निसर्गाने दिलेलं एक प्रयोजन असतं. ते ओळखून वागणं म्हणजे नीती, असं त्यांचं म्हणणं. "सरकारने लिहिलं म्हणून काही बरोबर होत नाही, आणि लिहिलं नाही म्हणून चूकही ठरत नाही," असं ते बजावायचे. नाव त्यावरूनच पडलं.

बोईसरच्या एका कारखान्यात काम करून शिकणारा विलास एकदा वर्गात म्हणाला, "सर, आमी दिवसभर ॲसिडची वाफ गिळतो. साहेब म्हणतो, मास्क द्यायचं कागदात कुठं नाय."

सर म्हणाले, "छाती श्वास घेण्यासाठी आहे, हे तरी कुठल्या कागदात आहे? साहेबाला एवढंच विचार."

विलासने खात्यातल्या सगळ्यांना सोबत नेऊन खरंच विचारलं. महिन्याभरात मास्क आले. त्याने स्टाफरूममध्ये पेढे वाटले. माझा पेढा मी टेबलावर तसाच ठेवला.

माझी बायको सुमन वाचनालयात होणारी त्यांची शनिवारची व्याख्यानं चुकवत नसे. घरी येऊन त्यांची वाक्यं मला ऐकवायची आणि अगदी निरागसपणे म्हणायची, "तुम्ही असं का नाही हो शिकवत?"

एका शनिवारी सर बोलून गेले, की विवाहाचं प्रयोजन संतती. सुमन ते वाक्य मला सांगताना जरा अडखळली. मला मात्र त्यात फक्त त्यांच्या युक्तिवादातली फट दिसली. माझ्या वर्गात एडवणची दर्शना होती, हुशार आणि धीट. तिला मी प्रश्न सुचवला. पुढच्या शनिवारी सुमनला ताप होता, म्हणून मी निर्धास्त मागे जाऊन बसलो. व्याख्यान सुरू झाल्यावर ती शाल गुंडाळून आली आणि पुढे बसली.

दर्शना उभी राहिली. "सर, लग्न मुलांसाठी हाय, तर ज्यांना मूल नाय त्यांचं लग्न चुकीचं काय?"

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. अर्ध्या सभागृहाला हे ठाऊक होतं.

सरांनी चष्मा काढला. "इथे मी अडकलो, दर्शना. निसर्गात काय घडतं ते पाहून माणसाने काय करावं हे मी ठरवतो. मधली उडी मी गुपचूप मारतो. नियमात न बसणारं माणूस दिसलं, तर आधी नियम तपासायला हवा. मागच्या शनिवारी माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल, तर मी माफी मागतो."

"मग तुमचं शास्त्र खोटं?"

"खोटं नाही. त्याच्याच जोरावर विलास साहेबासमोर उभा राहिला. पण ते लोकांच्या घरात शिरून निवाडे द्यायला लागलं, की त्याला हात धरून बाहेर काढायचं."

टाळ्या थांबेनात. सुमन डोळे पुसत होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "प्रश्न तुम्ही दिलात ना?"

"नाही."

"त्या पोरीला कसा सुचेल? तो आपल्या घरातला आहे," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

सर निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा नीतिशास्त्र माझ्याकडे आलं. त्यांनी आपली टिपणांची वही मला दिली. एका समासात तो प्रश्न लिहिला होता. खाली 'आक्षेप उत्तम. उत्तर सापडलेलं नाही', आणि पुढे माझं नाव, पूर्ण, 'प्रा.' लावून. त्यांना सगळं कळलं होतं.

काही वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं. सुमन पायरीवर बसून कितीतरी वेळ रडली. मी दारात उभा होतो. दुःख मलाही झालं, पण ते नंतर. आधी मनात आलं, माझ्यासाठी ही अशी रडेल का?