नकाशात बुडालेला पाट

शांभवी माझ्या भावाची मुलगी. ती काय काम करते हे सांगितलं की लोक म्हणतात, "एवढंच?" आणि माझं डोकं फिरतं. एवढंच म्हणे! इंजिनिअर कॉम्प्युटरवर जे नकाशे काढतात, ते तुमच्या-आमच्या फोनवर उघडत नाहीत. त्यांचं स्वच्छ चित्र करून द्यायचं, कितीही मोठं केलं तरी अक्षर फुटता कामा नये, हे तिचं काम. तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. बाकीचे सरळ स्क्रीनचा फोटो काढून देतात. रेघा पुसट, आकडे म्हणजे नुसत्या मुंग्या! शांभवी रेघेरेघेची जाडी ठरवते. भिंत जाड, दार बारीक, मापं त्याहून बारीक. देवळाच्या रथाचा नकाशा असो की कुणाच्या स्वयंपाकघराचा, ती तेवढ्याच मन लावून करते.

मी वासुकी, तिची आत्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. दुकानातून जाणारं प्रत्येक चित्र आधी माझ्या फोनवर येतं. त्यातलं सगळ्यात बारीक अक्षर मला वाचता आलं, तरच ते गिऱ्हाइकाला जातं. या कामाचा मला भारी तोरा होता, कबूल करते.

गेल्या उन्हाळ्यात, कावेरीला पाणी सुटायच्या आधी, एक कंत्राटदार कालव्याच्या दुरुस्तीचा नकाशा घेऊन आला. "रंगीतच ठेवा, गावकऱ्यांना रंगीत आवडतं," म्हणाला. शांभवी एरवी सगळ्या रेघा काळ्या करते. या वेळी तिनं रंग तसेच ठेवले. मी सगळी गावं वाचली, शेतांचे नंबर वाचले आणि "झकास!" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुब्रह्मण्य आला. त्याच कालव्याच्या अगदी शेवटच्या गावातला शेतकरी. मोपेड दारात आडवीतिडवी लावून त्यानं फोन शांभवीच्या नाकासमोर धरला.

"आमचा पाट कुठं गेला?" तो तमिळमध्ये ओरडला. "पुसायला कुणी सांगितलं?"

"तोंड सांभाळून बोल!" मीही आवाज चढवला.

शांभवीनं मला गप्प केलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्या पाटावर गावची साठ एकर भातशेती. चित्र घरोघरी फोनवर पोचलेलं. दुपारी तीन वाजता गावात सभा, तिथं लोकांनी नकाशावर सह्या करायच्या. नकाशात जे नाही त्याची दुरुस्ती नाही. गाव पेटलं होतं. सही करायची नाही आणि कालव्यात मशीन उतरू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

तिनं मूळ नकाशा उघडला. स्क्रीनच्या काळ्या पाटीवर पाट होता की! पिवळी रेघ, चांगली लखलखीत. मग तिनं पाटी चित्रात असते तशी पांढरी केली आणि रेघ गेली. पांढऱ्यावर फिकट पिवळं कुणाला दिसणार? मी अक्षरं तेवढी वाचली होती. जे दिसतच नाही ते वाचणार कुठून?

"आत्या, मीच बुडवला गं," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला.

"तू कशाला? रंग त्या कंत्राटदारानं मागितले होते. त्याचं नाव सांग!"

तिनं कंत्राटदाराला फोन लावला. तो हसला. "नवीन चित्र गुपचूप पाठवा आणि फोनची गडबड झाली म्हणून सांगा."

"नाही सांगणार," म्हणून तिनं फोन ठेवला. सगळ्या रेघा काळ्या केल्या, कालवे आणि पाट निळे, ठसठशीत. खाटेएवढ्या कागदावर छापून घेतलं आणि आम्ही बस धरली. वाटभर मी करवादत होते, शिव्या खायला आपल्या पायांनी कशाला जायचं?

सभेला साठ-सत्तर माणसं, समोर तो नकाशा काढणारे इंजिनिअरसाहेब. शांभवी उभी राहिली. एक शब्द अडखळला नाही. "साहेबांच्या नकाशात तुमचा पाट होता. चित्र करताना तो माझ्या हातून गेला. चूक माझी आहे."

बस्स. पुढं 'पण' नाही, 'कारण' नाही. तीस वर्षांत वर्गासमोर असं एकदाही मला बोलता आलं नव्हतं. माझी छाती फुगली की डोळे भरले, कोण जाणे. दोन्ही झालं.

तिनं कागद भिंतीवर लावला. "जवळ या. आपापलं शेत शोधा." लोक एकमेकांना ढकलत पुढं आले. सुब्रह्मण्यला त्याचं शेत सापडलं आणि तो पहिल्यांदा नीट हसला. चंद्रमती नावाची एक म्हातारी निळ्या रेघेवरून बोट फिरवत गेली आणि थबकली.

"हा इथंच का थांबला? माझं शेत तर अजून दोन शेतं पुढं आहे."

इंजिनिअर उठून आले. आधी कागद पाहिला, मग लॅपटॉपवर आपला नकाशा. पिवळी रेघ तिथंही दोन शेतं आधीच संपत होती. इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले. क्षणभर त्यांनी शांभवीकडे पाहिलं.

"ही चूक माझी," ते म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी रेघ चंद्रमतीच्या शेतापर्यंत ओढली आणि शेजारी सही केली. मग गावानं सह्या केल्या, सुब्रह्मण्यनं सगळ्यांच्या आधी.

आम्ही निघालो तेव्हा चंद्रमती आडवी आली. आमचं बोलणं तिनं ऐकलं असावं, कारण शांभवीची हनुवटी धरून तिनं आमच्याच मराठीत विचारलं, "तू कुणाची गं?"

शांभवी बापाचं नाव सांगणार, इतक्यात मी बोलून गेले.

"माझी!"

इतक्या मोठ्यानं, की सगळी सभा वळून बघायला लागली.