भट्टीतला थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीवाल्या बाई म्हणत. मंगळावरून उल्का होऊन पडलेल्या काळ्या दगडात जे घटक होते, त्यांचीच पूड कालवून ती वितळवायची आणि तो रस सावकाश निववायचा, हे तिचं काम. मूळ दगडात मोठे स्फटिक होते आणि भोवती बारीक दाणा. सर म्हणत, मोठे स्फटिक जमिनीखाली सवडीनं वाढले; मग लाव्हा वर उसळला आणि उरलेला रस घाईत थिजला. ती सवड किती, हे भट्टीनं सांगायचं होतं.

त्या दिवशी भट्टीची उष्णता आपोआप उतरवणारं यंत्र बिघडलेलं. प्लॅटिनमच्या तारेला रसाचा थेंब लटकत होता आणि बाई सकाळपासून हातानं बटण केसभर केसभर फिरवत होती. कंबरेचा काटा पार ढिला झाला होता.

लेकीचा फोन आला. पहिल्यांदाच घर सोडून नोकरीला परगावी चालली होती. "आई, संध्याकाळची बस आहे. येतेस ना?"

"येते गं. एवढा थेंब निवू दे."

"त्याला आजच मुहूर्त सापडला?"

"सांगते त्याला, जरा उरक म्हणून."

"तो काय ऐकतोय. बाबांवर गेलाय."

दुपार कलली तसा बाईचा जीव वरखाली होऊ लागला. तिनं बटण भराभर फिरवलं, थेंब थिजवायला पाण्यात पाडला आणि पदर खोचून बसस्थानकाकडे धावली. लेक खिडकीत बसलेली. "डबा वेळेवर खा," एवढंच बाईला सुचलं. "तू आधी घाम पूस," लेक म्हणाली, आणि बस हलली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. स्फटिक मधोमध छान भरीव होते. कडांना मात्र पिसांसारखे फाटे फुटलेले, रस घाईत थिजल्याची खूण.

"बाई, इथपर्यंत ठीक. इथं काय झालं? यंत्रानं दगा दिला?"

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. "नाही सर. इथं माझी मुलगी गावाला निघाली."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पोचली का नीट?"

"पोचली."

"मग पुन्हा लावा."

बाईनं उसासा टाकून नवा थेंब तारेला चढवला. तेवढ्यात फोन वाजला. "आई, काय चाललंय?"

"कालचंच."

"आज घाई नाही ना?"

"नाही गं," बाई म्हणाली आणि बटण केसभर फिरवलं. "आज कुणी निघालेलं नाही."