मोरे भाऊजींचा अँप्लिफायर आणि आमची बेल

शेजारी रेडिओवाला असला की किस्से शोधत फिरावं लागत नाही, भिंतीला कान लावला की पुरतं. आणि भिसेगावात आमची भिंत मोरे भाऊजींच्या भिंतीला लागूनच!

भाऊजी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, देशोदेशीच्या लोकांशी बोलतात, रीतसर लायसन्स काढून. त्यांना शिकवणारे मास्तर आता मुलाकडे न्यूझीलंडला. मास्तरांचा आवाज इथे येतो, भाऊजींचा तिथे पोचत नाही. मी म्हटलं, "फोन करा की!"

"वहिनी, फोनवर रोजच बोलतो. पण मास्तर म्हणतात, हवेतून ऐकू आलास तरच पास!"

त्यात मास्तर फ्लॅटमध्ये जाणार, रविवारनंतर छपरावरचा त्यांचा अँटेना उतरणार. म्हणून भाऊजींनी आपला आवाज तिथवर रेटायला घाईने अँप्लिफायर आणला. आयुष्यातला पहिला!

*

खोका टेंपोतून उतरतोय, तोच दहिवलीचा एक जण दारात हजर. "भाऊ, पोरीची हळद हाय. अँप्लिफायर भाड्यानं देता का?"

"अरे, याचा आवाज इथे नाही येत. न्यूझीलंडला जातो."

"मंग नको. आमचं पावनं दहिवलीतच नाचणार हायत!"

*

जोडणी बघायला मी गेलेच. रेडिओ, मग अँप्लिफायर, मग अँटेना. पण अँटेनाच्या जागी आधी एक डबा लावला. विचारल्याशिवाय मला राहवेना.

"हा डमी लोड. आपण कितीही बोलायचं, सगळं यात जाऊन नुसतं गरम होतं. बाहेर कुणाला त्रास नाही."

आमचे हे मागून म्हणाले, "मोरे, एक हिच्यासाठी पण मागव रं!"

*

डबा काढून अँटेना जोडला, मी घरी परतले आणि आमची बेल वाजली. दार उघडलं, कुणी नाही. पुन्हा वाजली, पुन्हा कुणी नाही! तिसऱ्यांदा मी लाटणं उगारूनच दार उघडलं, तर गॅसवाला.

"ताई, सिलिंडर परत नेऊ का?"

मग कळलं, भाऊजींनी बोलायचं बटण दाबलं की आमची बिनवायरची बेल वाजते! म्हणाले, "करतो काहीतरी. पण आधी मास्तर, मग तुमची बेल."

*

रविवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीतच बसले. भाऊजी मास्तरांना हाका मारतायत, आणि दर हाकेला खिडकीतून आमची टिंगटाँग! उत्तर काही नाही. चहावर साय धरली.

"राहू दे वहिनी. नापास."

"अहो, एकदाच अजून!"

बटण दाबलं, बोलले, सोडलं. खरखर... आणि खरखरीतून मास्तर:

"मोरे, पास! पण आधी दार उघड रे, कधीची बेल वाजतेय!"