रामटेके काकांच्या टँकमधला झिंगा

"मॅडम, हाही गेला."

रामटेके काकांचा फोन आला तेव्हा मी एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममधला टँक घासत होते. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, दुसऱ्या हातात फोन. हाही गेला म्हणजे दुसरा झिंगा मेला. पहिला मेला तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की प्रवासात दमला असेल. पण हा दुसरा चांगला ठणठणीत होता. मी स्वतः सोडला होता, माझ्यासमोर खाल्लं होतं त्यानं.

"हात लावू नका, तसाच राहू द्या. मी येते," मी म्हटलं.

"येऊन काय करता? जिवंत करता काय त्याले?"

मी फोन ठेवला, हात पुसले आणि स्कूटी मनीषनगरकडे वळवली.

माझं काम म्हणजे लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले फिशटँक बसवायचे आणि नंतर सांभाळायचे. झूऑलॉजी शिकले, त्याचा हा असा उपयोग झाला. बहुतेकांना गोल्डफिश हवे असतात. समुद्राचं पाणी, त्यात जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, असा टँक ठेवणारे नागपुरात हातावर मोजण्याइतके. इथून समुद्र कुठल्या कुठे. मीठ विकत आणायचं, शुद्ध पाण्यात कालवायचं आणि घरातल्या घरात समुद्र करायचा. वर आपला उन्हाळा. हे उद्योग ज्याला झेपतात त्यानंच करावेत असं माझं मत आहे. काकांचं मत वेगळं होतं.

काका कोळसा खाणीत इंजिनियर होते. सगळी नोकरी कन्हानकडे गेली, रिटायर झाल्यावर मनीषनगरला फ्लॅट घेतला. टँक त्यांच्या मुलानं हौसेनं बसवलेला, पुढे तो परदेशी गेला आणि टँक काकांच्या गळ्यात पडला. मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण डावा हात तसाच राहिला. फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलं होतं, हाताला काही ना काही काम देत जा. काकू देत नव्हत्या. दिवसभर टँकसमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि डावा हात मांडीवर ठेवायच्या. कोणाचं तरी सामान सांभाळत बसल्यासारखा.

अशात काकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कोणीतरी टँकमध्ये हात घातला आणि एक झिंगा त्या हातावर चढून नखं साफ करायला लागला.

"मले हा पायजे," काका म्हणाले. "हा झिंगा पाहून ती हात उचलन. बाकी कोणासाठी नाही उचलून राहिली ती."

माझा नियम आहे, टँकमध्ये हात घालायचा नाही. साबण, क्रीम, तेल, सगळं पाण्यात उतरतं. पण काकांचा चेहरा पाहिला आणि नाही म्हणवेना. म्हटलं, आणू.

आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

झिंगा निवडणं हे मेथीची जुडी निवडण्याइतकं सोपं आहे असं काकांना वाटत होतं. त्यांनी स्वतःच एका दुकानदाराकडून फोटो मागवून ठेवला. लाल-पांढरी नक्षी, पाठीवर कुबड.

"हा पाहा. सुंदर आहे. लगेच मिळते."

"काका, हा कॅमल श्रिंप. तुमचे बटन कोरल खाऊन टाकेल."

"दुकानदार म्हणे सेम गोष्ट आहे."

"दुकानदाराच्या घरी कोरल आहेत का?"

काकांनी मग लांब पंजेवाल्याचा फोटो काढला. तो बॉक्सर. तो कोरलला फारसं काही करत नाही, पण दुसऱ्या झिंग्याशी मारामारी करतो आणि लहान मासा सापडला तर सोडत नाही. मग एक लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांचा. तो खरंच देखणा असतो, कोरलच्या वाटेला जात नाही, पण सारा दिवस दगडामागे लपून बसतो. काकू खुर्चीत आणि झिंगा दगडामागे, मग आणायचा कशाला? हे मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्टीले नाहीच म्हणून राहिल्या."

आमच्या धंद्यात रीफ सेफ असा शब्द आहे. म्हणजे जो प्राणी कोरलला खात नाही, कुरतडत नाही, शेजाऱ्यांना त्रास देत नाही. शेवटी मी सांगितला तो क्लीनर श्रिंप. लाल पाठ, त्यावर मधोमध पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. हा एका जागी उभा राहून मिशा हलवतो आणि मासे दाढीला नंबर लावावा तसे त्याच्याकडे येऊन उभे राहतात. तो त्यांच्या अंगावरचे किडे, मेलेली कातडी वेचून खातो. दिवसाढवळ्या समोर दिसतो. हातावर चढणाराही हाच. व्हिडिओतलाही हाच होता. एवढं रामायण झाल्यावर काका म्हणाले, "मंग हाच आणा ना, मी काय वेगळं म्हणत होतो?"

मी कपाळाला हात लावला.

मुंबईच्या डीलरकडून पिशवीत ऑक्सिजन भरून तो आला. झिंग्याला एका पाण्यातून दुसऱ्यात एकदम टाकता येत नाही. खारटपणा थोडा बदलला तरी तो मरतो. म्हणून बारीक नळीतून, सलाइन लावतात तसं, थेंब थेंब करून नव्या पाण्याची सवय लावावी लागते. दीड-दोन तास मी त्यांच्या फरशीवर बसून होते. काका दर पाच मिनिटांनी "झालं काय?" विचारत होते. काकूंनी एकदाच विचारलं, "नाव काय त्याचं?" मी म्हटलं, तुम्हीच ठेवा.

नाव ठेवायच्या आत तो गेला. मग दुसरा आणला. तोही गेला. त्याचाच हा फोन.

मी पोचले तर काका दारातच उभे. जय भीम केला, पण आवाजात जीव नव्हता. लगेच सुरू झाले, "तुम्ही कमजोर माल आणून राहिल्या मॅडम. कॅमलवाला आणला असता तं आतापर्यंत जगला असता."

मी खारटपणा मोजला, बरोबर. तापमान बरोबर, कूलरची हवा टँकवर नीट येत होती. बाकी टेस्टही ठीक. डीलरला फोन लावला.

"मॅडम, मेरे यहाँ सब ज़िंदा है," तो म्हणाला. "आपके नागपुर में ही मरता है. गर्मी होगी."

"पाणी पंचवीस डिग्रीवर आहे," मी म्हटलं.

"तो फिर पार्टी ने कुछ डाला होगा."

एकीकडून डीलर, दुसरीकडून काका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, कारण सापडेपर्यंत तिसरा झिंगा आणणार नाही.

"असं काहून करता?" काका एकदम हळू आवाजात बोलले. "ती सकाळपासून टँकजवळ बसली नाही. म्हणते, माझ्यापायी जीव जाऊन राहिले."

काकू खरंच बाल्कनीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, पण म्हणून आणखी एक झिंगा मारायचा का?

मी पुन्हा टँकसमोर बसले. मासे मजेत होते. बटन कोरल मात्र मिटलेले, एरवी ते फुलासारखे उघडे असतात. मग आठवलं, काचेवर शेवाळ खात फिरणाऱ्या गोगलगायी कुठे आहेत? चिमट्यानं दगड हलवला. खाली नुसते शंख. आत कोणी नाही.

मासे ठीक, झिंगे मेले, गोगलगायी मेल्या, कोरल आजारी. ज्यांना कणा नाही तेवढेच मरत होते. असं झालं की पहिली शंका एकाच वस्तूची येते, तांब्याची. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात. मासा ते सहन करतो. झिंग्याला आणि कोरलला ते विष आहे, अगदी किंचित असलं तरी. तांब्याची टेस्ट रोज कोणी करत नाही. मी घरी जाऊन किट आणलं, पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग निळा झाला.

"काका, औषध टाकलं तुम्ही."

"नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही." मी रागावलेलीच होते.

"मी काहून खोटं बोलू? शपथ घेऊ काय? एक थेंब औषध टाकलं नाही."

माणूस खोटं बोलत नव्हता, ते दिसत होतं. मग तांबं आलं कुठून? पाइप प्लॅस्टिकचे, पंप प्लॅस्टिकचा. राहिलं ते वरून घालायचं पाणी. उन्हाळ्यात टँकचं पाणी भराभर उडतं. मीठ मागे राहतं, नुसतं पाणी उडतं, म्हणून रोज वरून शुद्ध पाणी घालावं लागतं. त्यासाठी मी दर आठवड्याला शुद्ध पाण्याचे कॅन पाठवत होते. बाल्कनीत जाऊन पाहिलं तर सगळे कॅन एकावर एक रचलेले. सील तसंच.

"हे फोडलेच नाहीत?"

"ते मेलेलं पाणी आहे मॅडम," काका शांतपणे म्हणाले. "त्याच्यात काहीच नसते."

"काहीच नसावं म्हणूनच तर देते ना! मग रोज घालता काय?"

ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. ओट्यावर तांब्याचा हंडा. चिंच लावून लख्ख घासलेला, तोंड दिसेल असा.

"झोपायच्या आधी फिल्टरचं पाणी भरून ठेवतो. सकाळी एक ग्लास हिले, एक मले, आणि बाकी मासोळ्याइले." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "हिच्या झटक्यानंतर सुरू केलं. लय शक्ती असते त्याच्यात. आधी आम्ही दोघंच पीत होतो. उन्हाळा लागला तशी यायले बी देऊन राहिलो, सवा महिना झाला."

मी मटकन स्टुलावर बसले. इंजिनियर माणूस. बायकोला देतो ते माशांना द्यायचं, एवढाच विचार. आता त्याला शिव्या घालायच्या की पाया पडायचं?

मी शिव्याच घातल्या. म्हणजे शिव्या नाही, पण आवाज चढला. म्हटलं, काका, आमटी आटवली की खारट होते ना? तुम्ही रोज थोडं तांबं घालता, पाणी उडतं, तांबं उडत नाही. साचत जातं. झिंगे कमजोर नव्हते. तुम्ही सवा महिना त्यांच्यासाठी विष साठवलं आणि मी त्यात एकेक जीव आणून सोडला. मला विचारायचं तरी होतं.

"चांगलं करायले कोणाले विचारा लागते काय?" काका म्हणाले.

बाहेरून काकूंचा आवाज आला. तुटक, पण स्पष्ट. "मले बी... बंद करा ते पाणी."

काकांनी ऐकलं नाही. ते माझ्याशी वाद घालण्यात गुंतले होते.

पुढचं काम कंटाळवाणं. पाणी बदललं, पुन्हा बदललं. तांबं शोषून घेणारा स्पंजसारखा पॅड मिळतो, तो फिल्टरमध्ये टाकला, निळा पडला की काढून दुसरा. कॅनचं सील काकांनी माझ्यासमोर फोडायचं असं ठरलं. टेस्टचं पाणी बिनरंगी यायला पावसाळा उजाडला. बटन कोरल आधी कडेचे उघडले, मग मधले. दोन गोगलगायी सोडल्या. त्या जगल्या. मग मी डीलरला फोन केला. "फिर से?" तो म्हणाला. मी म्हटलं, भेजो.

तिसरा झिंगा जगला. दगडाच्या टोकावर उभा राहून मिशा हलवायला लागला. माशांनी नंबर लावले. काकू पुन्हा खुर्चीत आल्या.

आणि मग तो दिवस ठरला. काकांनी आदल्या दिवसापासून डाव्या हाताचं तेलाचं मालिश बंद ठेवलं. साबण न लावता, नुसत्या पाण्यानं तो हात त्यांनी कितीदा धुतला असेल. खुर्ची टँकला लावली. झाकण काढलं. मी बाजूला उभी. माझा नियम मीच मोडत होते आणि काळजी झिंग्याची नव्हती, काकांची होती. नाही उचलला हात तर या माणसाचं काय होईल?

"उचल वं," काका म्हणाले. "हळूहळू. घाई नाही."

काकूंनी हात उचलला. उजवा. सरळ पाण्यात घातला.

"तो नाही, तो नाही! डावा!"

झिंगा आला. आधी मिशीनं बोट चाचपलं, मग चढला आणि अंगठ्याच्या नखाशी कामाला लागला. काकू हसायला लागल्या. झटक्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. एक ओठ जरा खाली राहत होता, पण हसू पूर्ण होतं.

"अवं, डाव्या हातासाठी आणला ना तो!"

"त्या हाताले काही समजत नाही," काकू हसत हसतच, थांबत थांबत म्हणाल्या. "झिंगा चालला काय... मुंगी चालली काय. ह्या हाताले गुदगुल्या होऊन राहिल्या."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

काकांनी स्वतःसाठी एक खुर्ची ओढली आणि काकूंच्या बाजूला बसले.

तेव्हापासून नव्या गिऱ्हाईकाकडे गेले की मी दोन गोष्टी विचारते. वरून पाणी कोणतं घालणार? आणि टँक कोणासाठी आहे? दुसऱ्याचं उत्तर "माझ्यासाठी" असं नसेल, तर म्हणते, त्यांना बोलवा, मी थांबते. बहुतेक वेळा ते माणूस आतल्या खोलीत असतं आणि त्याला टँकचा पत्ताच नसतो.