सावकाश आणि शून्य

माझे धाकटे जावई नकाशांच्या छापखान्यात संगणक सांभाळतात. चालू यंत्राला हात लावायचा म्हटलं की ते आधी चहा पितात, मग विचार करतात, मग 'उद्या बघू' म्हणतात. छापखान्यात सगळे त्यांना 'सावकाश' म्हणतात. घरी माझी लेकही म्हणते, फक्त स्वर निराळा असतो.

त्यांच्या शब्दावर छापखान्याच्या मालकीणबाईंनी इंटरनेटची दहापट वेगाची लाइन घेतली. तरी समुद्रापलीकडच्या संग्रहालयाला पाठवायचे नकाशे जुन्याच चालीने सरकत होते. बाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत फरक दिसला नाही, तर लाइन परत, आणि तुम्ही कागदाच्या गोदामात."

दुखणं कुठे आहे ते जावयांनी तासाभरात शोधलं. समोरून 'पोचलं' असा निरोप येईपर्यंत किती माल सोडायचा, ती मर्यादा वाढवणारी सोय ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बंद होती. रस्ता रुंद झाला, पण माल हातगाडीवरूनच चालला होता. सेटिंगच्या एका ओळीत 'चालू'च्या एकाच्या जागी 'बंद'चं शून्य होतं, एवढंच. पण त्या ओळीवर सूचना होती : 'जुन्या फायरवॉलला झेपत नाही. कृपया विचारल्याशिवाय बदलू नये.'

बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर पहारा ठेवणारी ती फायरवॉलची पेटी केव्हाच भंगारात गेली होती. पण सूचना निवृत्त साहेबांची, जावयांच्या आधी संगणक सांभाळणाऱ्यांची, असणार; त्यांची आज्ञा मोडायची कशी? जावयांनी त्यांना फोन लावला.

"साहेब, एका शून्यासाठी परवानगी हवी होती."

"अरे सावकाश, मी जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलंय का? तारीख बघ खालची!"

तारीख साहेबांच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनीची होती. इतकं नम्र लिहिणारा माणूस छापखान्यात एकच होता.

शून्याचा एक झाला. वेग मात्र ढिम्म. किती माल सोडायचा ते दोन्ही टोकांमध्ये जोडणी सुरू होतानाच ठरतं, तेव्हा अर्धवट पोचलेली पाठवणी तोडून नव्याने सुरू करणं भाग होतं. जावयांनी डोळे मिटून ती तोडली. नकाशे सुसाट निघाले.

मालकीणबाई पडद्यापाशी आल्या. "कुणी बंद केलं होतं हे?"

बाहेरची कंपनी, जुने साहेब, हवामान... सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"मीच," जावई म्हणाले. "आणि दिवसभर मीच मला घाबरत होतो."

बाई म्हणाल्या, "गोदामात पाठवलं तर तिथेही 'कृपया विचारल्याशिवाय हलवू नये' अशी पाटी लावाल, आणि मग कागद कुणी हलवायचा नाही. त्यापेक्षा इथेच बसा."