आईच्या हातातल्या लाल बांगड्या

तुळजापूरच्या ठाण्यावर एक आई स्वतःच्याच मुलाला अडवा म्हणून आली होती, ती सकाळ काही केल्या माझ्या मनातून जात नाही. निजामाचं राज्य होतं, जगात महायुद्ध पेटलं होतं आणि मी तिथं अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. ठाण्यावर खबर देणारा बहुधा भाऊबंदकीचा वचपा काढायला येतो. माकणीकडची ही शेतकरी बाई मात्र पदर सावरत म्हणाली, "सायेब, माझ्या लेकाला अडवा. त्यो इमान चालवायला निघालाय."

"मग पेढे वाटा की, आक्का."

"त्याला लाल-हिरवं उमगत न्हाय. भैनीच्या लग्नात हिरवा चुडा आणायला धाडला, तर लाल घेऊन आला. आता त्योच सांगतोय, खालून हिरवा दिवा दावला की इमान उतरवायचं, लाल दावला तर न्हाय. मग म्या गप कशी बसू?"

माझी थट्टा तिथंच संपली. वैमानिकाच्या डॉक्टरी दाखल्याचा वर्ग सगळ्यात कडक. विमानतळाच्या मनोऱ्यावरून विमानांना दिवे दाखवणाऱ्याचा वर्ग वेगळा, पण रंग दोघांनाही ओळखता यायलाच हवेत. पोराकडं तर, आईनं सांगितल्याप्रमाणं, वैमानिकाचा दाखला होता. म्हणजे डोळे तपासायला त्याच्या नावावर दुसराच कुणी बसला होता, आणि तो गुन्हा होता.

मायलेक देवीच्या दर्शनाला आले होते. दुसऱ्या दिवशी पोरगा तसाच हैदराबादला विमान चालवायच्या शिक्षणासाठी जाणार होता. जमादारानं त्याला देवळातून बोलावून आणलं. पोरगा देखणा, बोलायला अदबशीर. मी दरडावलं, मग चहा पाजला, पुन्हा दरडावलं. "दाखला सरकारी डॉक्टरचा आहे, साहेब," एवढंच त्याचं पालुपद. लहानपणापासून त्याला विमानाचं एकच वेड होतं, आणि वेड्याला मारून काही निघत नाही, हे मला ठाऊक होतं.

शेवटी कोपऱ्यात बसलेली आई उठली आणि तिनं दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. "बाळा, माझ्या हातात कसल्या बांगड्या हायत?"

तो हसला. "हिरव्या, अव्वा. नेहमीच्याच की."

जमादारानं मान खाली घातली. लग्नापासून त्या हातांत हिरव्याच बांगड्या होत्या. त्या सकाळी मात्र ठाण्यावर येण्याआधी बाईनं कासाराकडून लाल भरून घेतल्या होत्या.

पोरानं आमची तोंडं पाहिली. "लाल हायत व्हय?" त्यानं हळूच विचारलं. आईनं मान डोलावली, आणि तो तिच्या ओंजळीत तोंड घालून रडला. मग त्यानं बयान दिलं. वसतिगृहातल्या मित्रानं त्याच्या नावावर डोळे दाखवले होते. दाखला रद्द झाला. मी पोरगा आणि त्याचा मित्र, दोघांसाठी वर रदबदली केली आणि ताकीद देऊन त्यांना सोडलं गेलं.

खबरीमागं वैर शोधायची आम्हा पोलिसांना सवय. पोटच्या पोराचं स्वप्न मोडायला माया लागते, हे मी त्या बाईकडून शिकलो.

संध्याकाळी बाजारातून जाताना ते दोघं कासारापुढं बसलेले दिसले. बांगड्यांचे ढीग मांडलेले होते. एरवी त्यानं रुबाबात कुठल्या तरी ढिगावर बोट ठेवलं असतं. त्या दिवशी तो आईकडं वळून म्हणाला, "अव्वा, ह्यातल्या हिरव्या कुठल्या, तू सांग."